वडिलांना पुन्हा व्हेंटिलेटर नको आहे. हे लेखी कसे करावे?

प्रश्न
माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, घरातल्या घरात चालले तरी धाप लागते आणि ऑक्सिजनचे यंत्र रात्रंदिवस सुरू असते. मागच्या वेळी आयसीयूतून आल्यापासून ते मला सांगतात, "पुन्हा घशात नळी घालू देऊ नकोस." परदेशी असलेल्या भावापाशी विषय काढला, की तो "असे अभद्र बोलू नका" म्हणून बोलणे तोडतो. बाबा शुद्धीत नसताना माझ्या शब्दाला रुग्णालयात कितपत किंमत राहील? शिवाय असा कागद केला तर ऑक्सिजनही काढून घेतील, अशी आईला धास्ती वाटते.

प्रतिसाद १ (वकील)
तुमचे वडील आज स्वतः निर्णय घेऊ शकतात, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली, परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही करण्याच्या अटीमुळे ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिले होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकन करून घेतले की पुरते. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. वडिलांच्या वतीने संमती देणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात असावे लागते. एकाहून अधिक नावेही चालतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

हा कागद रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच लागू होतो. त्यानंतरही उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ आणि मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो, अशा दोघांचे एकमत लागते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. त्यामुळे कोणी एकट्याने घाईत काही करील, ही भीती नको. वडिलांचे मन बदलले, तर ते हा कागद केव्हाही लेखी रद्द करू शकतात.

प्रतिसाद २ (उपशामक सेवेतील, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेतील डॉक्टर)
वकीलसाहेबांनी सांगितलेले सर्व करावेच. पण "मला कृत्रिमरीत्या जगवू नका" एवढे मोघम वाक्य लिहिले, तर रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरला त्यातून काहीच ठरवता येत नाही. वडिलांजवळ बसून एकेक गोष्ट विचारा. तोंडावर लावायचा, नळीशिवाय श्वासाला मदत करणारा बायपॅपचा मास्क चालेल का? न्यूमोनिया झाला तर शिरेतून अँटिबायोटिक घ्यायची का? हृदय थांबले तर छाती दाबायची का? अनेक सीओपीडी रुग्ण मास्कला हो म्हणतात आणि नळीला ठाम नकार देतात; हा फरक त्यांच्याच शब्दांत कागदावर यायला हवा.

आईंना माझ्या वतीने सांगा, की नळी नाकारणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. ऑक्सिजन, नेब्युलायझर, धापेसाठी अल्प मात्रेत मॉर्फिन, तोंडावर पंख्याचा वारा, हे सारे शेवटपर्यंत देता येते आणि दिलेच पाहिजे.

प्रतिसाद ३
ताई, भावाला वगळून कागद करू नका. आमच्या आईच्या वेळी माझा दुबईतला भाऊही असाच अडून बसला होता. छातीच्या डॉक्टरांनी त्याला व्हिडिओ कॉलवर फुप्फुसांची स्थिती समजावली आणि मग आईने स्वतः आपले म्हणणे सांगितले, तेव्हा त्याने ऐकले. माझ्या तोंडून तेच त्याला महिनोन्महिने पटले नव्हते. कागदावर आम्हा दोघांची नावे घातली, म्हणून पुढे आयसीयूच्या दारात वाद झाला नाही. एक प्रत आईच्या फाइलमध्ये सर्वांत वर आणि तिचा फोटो आम्हा सर्वांच्या मोबाईलमध्ये होता. तुम्हीही तसेच करा, कारण रुग्णवाहिका आल्यावर कपाटाची किल्ली शोधायला कोणाला सवड नसते.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. बाबांना विचारले; मास्क चालेल, नळी नको आणि छाती दाबणेही नको, असे ते म्हणाले. आई शेजारीच बसली होती. भावासाठी डॉक्टरांची रविवारची वेळ मागितली आहे.