मदत हवी आहे: घरच्यांच्या पैशातून कॉफी भाजण्याचा उद्योग, यंत्र १ किलोचं घ्यावं की ५ किलोचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात कॉफी भाजून विकण्याचा छोटा उद्योग सुरू करतेय. कॉफीच असं नाही, मसाले, पापड, काहीही असो, घरच्यांच्या पैशावर ज्यांनी धंदा उभा केलाय त्यांचा सल्ला हवा आहे.

नवऱ्याची आतेबहीण कर्नाटकात सकलेशपूरला दिली आहे. या ताईंची थोडी अरेबिका जातीची कॉफी आहे, सिल्व्हर ओकच्या सावलीतली. ती कॉफी मी आधी कढईत आणि आता हाताने फिरवायच्या ड्रममध्ये भाजते. ओळखीतले लोक नेतात, पुन्हा मागतात, आणि आता ड्रम पुरत नाही. सासरे निवृत्तीच्या पैशातून भांडवल द्यायला तयार आहेत. धाकटे दीर हिशोब आणि पॅकिंग बघणार. भाजायचं काम माझं.

विक्रेते म्हणतात, एकदाच ५ किलोचं (एका घाण्यात ५ किलो भाजणारं) यंत्र घ्या, १ किलोचं परवडत नाही. माझा हिशोब वेगळा येतो. एक घाणा साधारण १२ ते १५ मिनिटांचा. गार करणं, पुन्हा भरणं धरून तासाला तीनेक घाणे. रोज चार तास भाजलं तरी १२ किलो हिरवी (न भाजलेली) बी होते. भाजताना मध्यम रंगाला १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटतं, म्हणजे दहा किलो तयार माल. पहिल्या वर्षी रोज एवढा माल खपला तरी मी खूश आहे. शिवाय लहान यंत्रात एखादा घाणा करपला तर किलोभरच जातो. ५ किलोचं घेतलं आणि ते अर्धं भरून चालवावं लागलं, तर सासऱ्यांचे पैसे नुसते लोखंडात अडकतील. यात माझं काही चुकतंय का? यंत्रासोबत खडे वेगळे करायचा डीस्टोनर लगेच लागतो, की हाताने निवडून चालतं?

कच्च्या मालात एक गोष्ट अडली आहे. ताईंकडे असतं ते पार्चमेंट, म्हणजे वरचं टरफल न काढलेली बी. ते क्युरिंग वर्क्समध्ये काढून, प्रतवारी करून आणावं लागतं. सकलेशपूरजवळ हासनकडे एवढ्या थोड्या मालाचं क्युरिंग कोणी करून देतं का? आणि भाव कसा ठरवायचा? तिकडे ५० किलोच्या पोत्यावर भाव बोलतात आणि अरेबिका न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराबरोबर हलते. २०२५च्या फेब्रुवारीत ती विक्रमी भावाला गेली होती. अशा वेळी ताई नात्याखातर मला स्वस्तात देतील आणि नुकसान सोसतील, हे मला नको आहे. वर्षभर त्या त्या दिवसाच्या बाजारभावाने घ्यावं, की हंगामात एकदाच भाव ठरवून आगाऊ रक्कम द्यावी? हंगामात सगळं उचललं तर ते आमच्या पावसाळ्यात टिकवावं लागेल. हिरव्या बीत ओलावा १०-१२ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीची भीती. लाकडी फळ्यांवर पोती ठेवून भागतं का?

जागा घराच्या तळमजल्यावरची आहे. धूर आणि उडणारी सालं शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायला नकोत. सायक्लोन (धुरातली सालं अडवणारं भांडं) आणि उंच चिमणी लावून भरवस्तीत कोणी काम चालवलंय का?

उडुपी हॉटेलांना चिकोरी (भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली कॉफी हवी असते आणि उधारीही. लेबलवर चिकोरीचं प्रमाण छापून, ४९ टक्क्यांच्या आत राहून ती विकता येते हे माहीत आहे. तरी सुरुवात निव्वळ कॉफीने, घरगुती गिऱ्हाइकांपासूनच करावी असं मला वाटतं. उधारीत सासऱ्यांचं भांडवल फिरवायचं धाडस माझ्यात नाही, आणि ते करूही नये.

सगळ्यात जास्त विचार याच पैशांचा आहे. सासरे म्हणतात, "घरातलेच पैसे आहेत, कागद कशाला?" पण उद्या त्यांच्या दवाखान्याला हीच पुंजी लागणार. मला ते कर्ज म्हणून घ्यायचं आहे, दरमहा ठरलेला हप्ता, आणि नवऱ्याच्या पगारातून त्याची हमी. दिरांना मात्र भागीदारी द्यावी की पगार? ते रोज तीन-चार तास देणार आहेत. हे बोलणं घरात कोणी, कसं काढलं? वडीलधाऱ्यांना अविश्वास वाटणार नाही अशा शब्दांत कागद कसा करायचा, हे अनुभवी लोकांनी जरूर सांगा.

एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नोंदणीची माहिती जमवली आहे. बंगळुरूच्या कॉफी बोर्डाचा कापी शास्त्र हा छोटा अभ्यासक्रमही करणार आहे. तो केलेलं इथे कोणी असेल तर भाजणीचा प्रत्यक्ष सराव किती मिळतो तेही लिहा.

दिवाळीनंतर सासरे ठेव मोडणार आहेत. त्याआधी यंत्र आणि कागद या दोन गोष्टी नक्की करायच्या आहेत. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सवडीने दिलीत तरी चालेल, पण १ किलोच्या यंत्रावर दिवसाला खरोखर किती माल निघतो, एवढं कोणीतरी नक्की सांगा.