दत्तक गेली, पण कागदावर नाही

योशिको कावाशिमा ही चीनमधली मांचू राजकन्या, जपानला मदत केली म्हणून चीनने तिला मृत्युदंड दिला. ‘ती देशद्रोहीच होती, शिक्षा योग्यच झाली’ असं काही जण म्हणतात. पण कुठला देश, हा प्रश्न तिच्या बाबतीत फार अवघड आहे.

१९१२ मध्ये चीनवर राज्य करणारी मांचू लोकांची छिंग राजवट बुडाली. योशिकोचे वडील, मांचू राजपुत्र शानची, यांना गादी परत आणायची होती आणि त्यासाठी जपानची मदत हवी होती. त्याच आशेवर त्यांनी ही चौदावी मुलगी नानिवा कावाशिमा या जपानी मित्राला दत्तक देऊन टाकली. पोरीला कुणी विचारलं नाही. पुढे १९३१ मध्ये पदच्युत सम्राट पुयीच्या पत्नीला, वानरोंगला, तिने त्यानत्सिन या चिनी शहरातून मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, पोहोचवलं. जपानला मदत केली हे खरंच, आणि जपानविरुद्धच्या युद्धात चिनी लोकांनी जे भोगलं ते विसरता येणार नाही.

मला चटका लावतो तो युद्धानंतर चीनमध्ये तिच्यावर चाललेला खटला. देशद्रोहाचा आरोप फक्त चिनी नागरिकावर लागू होता. ती म्हणत राहिली, मी जपानी. पण दत्तक वडिलांनी तिचं नाव जपानी कुटुंबनोंदवहीत कधी घातलंच नव्हतं! २५ मार्च १९४८ रोजी पेकिंगच्या तुरुंगात तिला गोळी घातली.