मदत हवी आहे: चहा स्वस्त झाला होता, मग बोस्टनकरांनी तो समुद्रात का टाकला?

नमस्कार मंडळी,

मी शाळेत इतिहास शिकवते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना फळ्यावर नेहमीची साखळी काढली होती: १७६३ला ब्रिटन-फ्रान्सचं सात वर्षांचं युद्ध संपलं, ब्रिटनवर कर्ज चढलं, १७६५ला मुद्रांक कायदा (छापील कागदांवरचा कर), १७७३ला 'बोस्टन टी पार्टी', म्हणजे बंदरात चहाच्या पेट्या बुडवणं, १७७६ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मागच्या बाकावरच्या मुलाने कुठेतरी वाचलं होतं. तो म्हणाला, "बाई, त्या वर्षी चहा स्वस्त झाला होता ना? मग ३४२ पेट्या का टाकल्या?"

त्याचं म्हणणं खरं आहे. आणि साखळीकडे बघितलं तर आणखी गाठी दिसतात. मुद्रांक कायदा वर्षभरात मागे घेतला. काच, कागद, रंग, शिसं यांवरचे कर १७७०मध्ये उठवले, फक्त चहावरचा ठेवला. म्हणजे सरकार दर वेळी थोडं मागेच सरकत होतं. एप्रिल १७७५मध्ये बोस्टनजवळच्या लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैन्याशी गोळीबार झाल्यावरही वसाहतींचे हेच लोक जुलैत राजाला विनंतीअर्ज पाठवतात. आणि पुढच्या जुलैत स्वातंत्र्य जाहीर करतात! तक्रार कुठे संपली आणि लढा कुठे सुरू झाला, हे मुलांना पटेल असं कसं सांगू? "लोकांचा संयम संपला" एवढ्यावर मला थांबायचं नाही.

प्रतिसाद

ताई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. पैशाचा आकडा बाजूला ठेवून, तो पैसा जातो कुठे हे विचारा.

चहावर पौंडामागे ३ पेन्स कर होता. त्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार भागवायचे होते. पूर्वी गव्हर्नरचा पगार वसाहतीची विधानसभा मंजूर करायची. त्यामुळे गव्हर्नर कितीही लंडनचा असला तरी त्याला स्थानिकांचं ऐकावं लागे. १७७२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांचेही पगार ब्रिटिश सरकारच्या तिजोरीतून द्यायचं ठरलं. चहा स्वस्तात विकला जाणार, लोक तो आनंदाने घेणार, आणि त्यांच्याच पैशाने त्यांच्या हातातला लगाम सुटणार. शिवाय ईस्ट इंडिया कंपनी ठरावीक अडत्यांनाच माल देणार होती, त्यांत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन याचे मुलगे होते. स्थानिक व्यापारी आणि डच चहाची तस्करी करणारे, दोघेही उठले.

माझ्या मते खरा सांधा मात्र १७७४चा आहे, आणि शाळेत तो दोन ओळींत उरकतात. पेट्या बुडवल्या म्हणून पार्लमेंटने सगळं बोस्टन बंदर १ जूनपासून बंद केलं. गुन्हा काही जणांचा, शिक्षा अख्ख्या गावाला. वर मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली, गावसभांना गव्हर्नरची परवानगी लागू केली. हे ऐकून दूरच्या वसाहती हलल्या. कनेक्टिकटहून मेंढ्या हाकत आणल्या, दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला. व्हर्जिनियाच्या सभागृहाने १ जून उपास आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला, म्हणून गव्हर्नरने सभागृह बरखास्त केलं. सदस्य उठून जवळच्या खानावळीत जमले. आज मॅसॅच्युसेट्सची सनद गेली, उद्या आपली जाईल, हे त्यांना कळलं होतं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला १२ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले. मुलांना ती मेंढ्यांची गोष्ट सांगा, ती लक्षात राहते.

तरीही स्वातंत्र्य कुणी मागत नव्हतं. राग पार्लमेंटवर आणि मंत्र्यांवर होता, दाद राजाकडे मागायची होती. राजा तिसऱ्या जॉर्जने जुलैतला तो विनंतीअर्ज हातातही घेतला नाही आणि ऑगस्ट १७७५मध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. पुढे जर्मन भाडोत्री सैन्य आणायचं ठरलं. दाद मागायला वर कुणी उरलंच नाही. म्हणून जाहीरनाम्यातल्या तक्रारी थेट राजाच्या नावावर आहेत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक बाजू वर्गात सुटू देऊ नका. नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोरांच्या ज्या गुलामांनी ब्रिटिशांच्या बाजूने शस्त्र धरावं त्यांना मुक्ती जाहीर केली. तिथले बरेच मळेवाले त्यानंतर ब्रिटनपासून कायमचे तुटले. त्यांच्या तक्रारींत हक्क होते, तशीच मालमत्ताही होती, आणि ती मालमत्ता म्हणजे माणसं होती. तसंच १७६३च्या फर्मानाने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी होती. ती जमीन मूलनिवासींची होती. स्वातंत्र्याने त्यांच्या वाट्याला काय आलं, हेही मुलांनी विचारलं पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पगाराचा मुद्दा सोमवारी घेते, आमच्या मुलांना तो लगेच कळेल. चहाची कंपनी तीच, जिने मार्च १७७५मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, हे त्यांना सांगून पुण्याचा आणि बोस्टनचा नकाशा शेजारी लावीन म्हणते.

एक शंका राहिली. १७७४मध्ये गावोगाव ज्या समित्या ब्रिटिश मालावरचा बहिष्कार पाळला जातो का ते बघायच्या, त्यांनी कामं प्रत्यक्षात कशी वाटून घेतली होती? मराठीत सोप्या भाषेतलं काही वाचायला असेल तर सुचवा. सोमवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.