ट्रान्समीटरमध्ये पेन्सिल सेल की लिथियम पॅक?

घारपंख

मागच्या रविवारी माझं फोमचं ट्रेनर, म्हणजे रेडिओवर उडवायचं शिकाऊ मॉडेल विमान, गेलं. लँडिंगला वळवलं होतं, उंची जेमतेम दोन मजल्यांएवढी, आणि हातातल्या रेडिओचा, म्हणजे ट्रान्समीटरचा, स्क्रीन एकदम काळा पडला. क्षणात परत उजळला खरा, पण हा रेडिओ चालू होताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल (मोटरच्या वेगाची दांडी) खाली असल्याशिवाय सिग्नल सोडतच नाही. माझा फ्लॅपचा स्विच खाली होता. तो शोधून वर करेपर्यंत तीन-चार सेकंद गेली आणि विमान बाभळीत शिरलं.

घरी येऊन मागचं झाकण उघडलं. चार रिचार्जेबल निकेलचे पेन्सिल सेल, तीन वर्षं वापरलेले. मायनसच्या एका स्प्रिंगवर पांढरट-हिरवी पूड साचलेली. सेल बोटानं जरासा फिरवला की स्क्रीन लुकलुकायचा.

तो सेलचा डबा मी काढून टाकला. त्या जागी दोन १८६५० (दंडगोल लिथियम) सेलचा सिरीज पॅक, संरक्षक सर्किटसह. पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट, म्हणून मधे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावून ५ व्होल्टवर आणलं. सगळं सोल्डर केलेलं, स्प्रिंग एकही नाही. फोटो जोडलाय. माझं मत स्पष्ट आहे: हजारो रुपयांचं मॉडेल हवेत असताना त्याचा जीव चार सुट्या सेलच्या भरवशावर ठेवू नये. प्रत्येकानं हा बदल करावा.

जुना वैमानिक

विमान गेल्याचं वाईट वाटलं. पण तुमचं निदान मला पटत नाही. रेडिओ बंद पडला तो गंजलेल्या स्प्रिंगमुळे, सेल निकेलचे होते म्हणून नव्हे. स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरनं घासून, दर मोसमात सेल तपासून हे टळलं असतं.

मी ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या रेडिओंच्या काळापासून उडवतोय. तेव्हा ९.६ व्होल्टचा निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅक ६०० मिलिअँपिअर-तासांचा असायचा, रेडिओ २०० मिलिअँपिअर खायचा, तीन तासांत खेळ आटपायचा. तेव्हा बॅटरी वाढवायला खरंच अर्थ होता. आजचा २.४ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ किती घेतो ते मीटर लावून बघा. माझा १२० घेतो. २००० चे चांगले सेल म्हणजे सोळा तास. एवढं कोण उडवतं?

आता मुख्य मुद्दा, त्याकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. रेडिओचा बॅटरी अलार्म त्याला मिळणारं व्होल्टेज बघून वाजतो. तुम्ही मधे कन्व्हर्टर बसवलात. पॅक भरलेला असो की रिकामा होत आलेला, रेडिओला दिसणार ५ व्होल्टच. शेवटी संरक्षक सर्किट पॅक तोडेल आणि रेडिओ एका झटक्यात मरेल, आधी एकही बीप न देता. पूर्वी निदान इशारा मिळत होता. तो तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकलात.

घारपंख

काका, अलार्मचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण स्प्रिंगचं नाही पटत. चार सेल म्हणजे आठ जोड, प्रत्येक जोड नुसता दाबावर टिकलेला. एक जरी सैल झाला तरी सगळं बंद. घासून ते दोन महिने चालतं, मग पावसाळी हवा आपलं काम करतेच. सोल्डरचा जोड घामानं सुटत नाही.

वऱ्हाडी पायलट

नागपूरकडून थोडं सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि मैदानावर उभ्या कारमध्ये दुपारी हात ठेववत नाही. माझा रेडिओ असाच डिकीत राहिला होता. संध्याकाळी मागचं झाकण बसेना, कारण आतला लिपो (पाकिटासारखा लिथियम पॅक) उशीसारखा फुगलेला. तो वाळूच्या बादलीत ठेवून रात्र काढली. घरात लहान मुलं आहेत, झोप कसली लागते?

दंडगोल १८६५० तसा फुगत नाही, पण उन्हात तापवत ठेवावा असा तोही नाही. निकेलचे सेल याबाबतीत पुष्कळ सोसतात. पूर्वी ते ठेवल्या ठेवल्या उतरायचे, ही तक्रार खरी होती. २००५ मध्ये सान्योनं एनिलूप हे चार्ज टिकवणारे निकेल सेल आणले तेव्हापासून तीही राहिली नाही.

आणि एक सोय कोणी मोजतच नाही. एनसीसीच्या एअर विंगमधली आमची पोरं स्पर्धेसाठी तालुक्याच्या गावी जातात. सेल संपले तर समोरच्या किराणा दुकानात चार पेन्सिल सेल मिळतात. २एस (सिरीजमधल्या दोन लिथियम सेलचा) पॅक तिथे कोण देणार? मी स्वतः माझा एफएस-आय६ रेडिओ चार एनिलूपवर चालवतो आणि बदलायचा विचारही नाही.

मीटरवाला

दोन्ही बाजू सेलच्या जातीवरून भांडताहेत. आधी विचारा, रेडिओ कशासाठी बनवलाय? रेडिओमास्टर टीएक्स१६एस मुळातच दोन १८६५० किंवा २एस पॅकसाठी आहे, तिथे लिथियमच हवं. त्यात अलार्मचा आकडा आपल्याला ठरवता येतो. मी ७.० ला ठेवतो, म्हणजे सेलमागे ३.५.

टॅरानिस एक्स९डी मात्र सहा निकेल सेलच्या ७.२ व्होल्ट पॅकवर यायचा आणि त्यातला चार्जरही निकेलचाच. लोक त्यात लिपो बसवतात, व्होल्टेज जुळतं, रेडिओ छान चालतो. मग कधीतरी सवयीनं जुना अडॅप्टर मागच्या जॅकला खुपसतात. निकेलचा चार्जर लिपोला कुठे थांबायचं हे जाणत नाही. आग तिथे लागते. बदल करायचाच तर त्या जॅकवर आधी चिकटपट्टी लावा आणि पॅक बाहेर काढून (प्रत्येक सेल वेगळा बघणाऱ्या) बॅलन्स चार्जरवरच चार्ज करा.

जुने ९.६ व्होल्टचे सेट असतील तर ३एस लिपो नको. तो भरल्यावर १२.६ होतो, आणि आतल्या लिनिअर रेग्युलेटरला जास्तीचं सगळं उष्णतेत घालवावं लागतं. २०० मिलिअँपिअर धरले तर ९.६ वरून ५ वर येताना सुमारे ०.९ वॉट जळतो, १२.६ वरून १.५. तिथे ३एस लायफे (लिथियम-लोह-फॉस्फेट) बसतो: नाममात्र ९.९, भरलेला १०.८. आठ निकेल सेल चार्जरवरून काढल्या काढल्या ११ च्या वर असतात, त्यामुळे रेडिओला त्यात नवं काही नाही.

१८६५० घेताना वजन करा. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला एक सेल मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, भरला २८ ग्रॅम. खरा सेल ४५ च्या पुढे जातो आणि चांगल्या कंपनीचाही ३५०० च्या आसपास थांबतो.

जुना वैमानिक

लायफेबद्दल एक भर. त्याचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत एका रेषेत राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. व्होल्टचा अलार्म तिथेही उशिराच वाजतो. लायफे लावणाऱ्यानं चार्ज केल्यापासूनचे तास वहीत लिहावेत, मी तेच करतो.

घारपंख, तुमचा आठ जोडांचा मुद्दा मी नाकारत नाही. पण त्याला उपाय आहे. टॅब वेल्ड केलेला (सेल धातूच्या पट्ट्यांनी पक्के जोडलेला) चार सेलचा तयार निकेल पॅक घ्या, ४.८ व्होल्टचा. स्प्रिंग गेली, कन्व्हर्टर गेला, अलार्म शाबूत.

घारपंख

काल सुट्टी होती, टेबलावर चाचणी घेतली. पॅक अर्धा उतरलेला घेतला, बॅलन्स वायरीला लिपोचा छोटा बीपर लावला, सेलमागे ३.४ वर. सकाळी आठला रेडिओ चालू केला. बीपर संध्याकाळी सव्वासहाला ओरडला. रेडिओ रात्री पावणेनऊला बंद पडला. दिवसभर स्क्रीनवर ५.० व्होल्टच होते, बंद पडायच्या मिनिटभर आधीसुद्धा. रेडिओचा स्वतःचा अलार्म वाजलाच नाही. काका, तुम्ही सांगितलंत अगदी तसंच.

तरी मी लिथियमवरच राहणार. बीपरनं मला अडीच तास आधी सांगितलं, जुने सेल एवढा वेळ कधीच देत नव्हते. फक्त पहिल्या पोस्टमधलं ‘प्रत्येकानं करावा’ हे मागे घेतो. बीपर न लावता हा बदल कुणीही करू नये.

वऱ्हाडी पायलट

आणि उन्हाळ्यात पॅक घरी, थंड खोलीत. कारमध्ये नाही.

जुना वैमानिक

मी माझ्या निकेलवर, तुम्ही तुमच्या लिथियमवर. पण फोटोत कन्व्हर्टर अँटेनाच्या वायरीला खेटून दिसतोय. स्वस्त कन्व्हर्टर रेडिओजवळ गोंगाट करतात. तो खाली, हँडलपासून लांब सरकवा. रविवारी उडवायच्या आधी रेंज चेक मोडमध्ये (त्यात सिग्नल मुद्दाम कमी होतो) मोटर बंद ठेवून तीस पावलं चालत जा. रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलतंय का ते मी विमानाजवळ उभा राहून बघतो.