दृष्टिहीन इंटिरियर डिझायनर आणि घराचा कायापालट दाखवणारा कार्यक्रम: तयारी काय लागते?

ओसरी

नमस्कार मंडळी,

घराचा कायापालट दाखवणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमाची आखणी चालू आहे. डिझायनर बाई पूर्ण दृष्टिहीन आहेत आणि कामात पक्क्या आहेत. अमेरिकेत ए अँड ई वाहिनीवर २००६ साली एरिक ब्रून-सांग्लार्ड या दृष्टिहीन डिझायनरचा 'डिझायनिंग ब्लाइंड' कार्यक्रम येऊन गेला, म्हणजे कल्पना नवी नाही. पण भिंतीवरून हात फिरवतानाचे शॉट घेऊन वेळ मारून न्यायची नाहीये, खरं काम दिसायला हवं. पहिली खोली १० बाय १२ ची बेडरूम आहे (साधारण ३ × ३.६ मीटर, छत २.८ मीटर). त्यांच्या हातात प्लॅन कसा द्यायचा? रंग कसे ठरवतात? चित्रीकरणाच्या वेळी काय सांभाळायचं?

गुण्या-ओळंबा

आधी प्लॅनचं बोलू, बाकी सगळं त्यावर उभं आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातले वास्तुविशारद ख्रिस डाउनी यांची दृष्टी २००८ मध्ये मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यांनी व्यवसाय सोडला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरच्या लाइटहाउस या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेच्या जागेचं काम त्यांनी त्यानंतरच केलं. त्यांची पद्धत अशी: प्लॅन उठावाच्या रेषांत छापायचा, बोटांनी वाचायचा आणि सुचलेला बदल मेण लावलेल्या दोऱ्याने त्याच कागदावर बसवायचा. दोरा दाबला की चिकटतो, ओढला की निघतो. तुमच्या कॅमेऱ्याला यापेक्षा चांगला शॉट मिळणार नाही, कारण डिझायनर विचार करताना इथे दिसते.

एम्बॉसर (उठावाच्या रेषा छापणारं यंत्र) नसेल तर फुगणारा कागद वापरा. त्यावर काळा प्रिंट काढून तापवणाऱ्या यंत्रातून सरकवला की काळ्या रेषा वर येतात. शाई किंवा टोनर कार्बनचाच हवा. रंगीत शाईच्या रेषा सपाट राहतात. उष्णता जास्त झाली की रेषा पसरून एकमेकींना भिडतात, म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघा.

खरी गडबड होते ती कॅडची (संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगची) फाइल आहे तशी छापल्यामुळे. हॅच (भरावाच्या तिरप्या रेघा), मापांच्या रेषा, मजकूर, दाराची कमान, सगळ्या लेयर बंद करा. दोन रेषांत निदान ३ मिमी अंतर ठेवा, नाहीतर बोटाला त्या एकच लागतात. १:५० प्रमाणात ही खोली कागदावर ६० × ७२ मिमी होते आणि साडेचार इंची भिंतीच्या दोन रेषांत जेमतेम २.३ मिमी उरतात. १:२५ घ्या: १२० × १४४ मिमी, ए-फोरवर आरामात बसते. भिंत दोन रेषांऐवजी एकच जाड रेघ काढा. ब्रेल अक्षर लहान करता येत नाही, एकेक अक्षर सुमारे ६ मिमी जागा खातं. म्हणून प्लॅनवर फक्त 'क', 'ख' अशा खुणा आणि त्यांचा अर्थ वेगळ्या कागदावर. भिंती-दारं-खिडक्या, फर्निचर आणि वीज यांचे तीन वेगळे कागद करा. प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा कापा, म्हणजे कागद कुठल्या बाजूने धरायचा ते लगेच कळतं.

फर्निचरचे तुकडे पुठ्ठ्याचे कापा. १५०० × २००० मिमीचा पलंग ६० × ८० मिमी, ६०० मिमी खोल कपाट २४ मिमी. तुकड्यांना मागून चुंबकपट्टी लावा आणि कागद लोखंडी ट्रेवर ठेवा. हात लागून काही सरकत नाही.

मापं एक्सेलमध्ये द्या: भिंत, वस्तू, रुंदी, उंची, जमिनीपासून उंची, कोड. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ते नीट वाचतो, फक्त सेल मर्ज करू नका. पीडीएफ ड्रॉइंग त्याच्यासाठी निव्वळ चित्र असतं. साइटवर लेझर मीटरने माप घेताना समोर खिडकीची काच असेल तर किरण आरपार जातो आणि आकडा भलताच येतो. काचेवर पुठ्ठा धरायला सांगा.

शेडकार्ड

रंगाबद्दल. नंतर दृष्टी गेलेल्यांना रंगांची आठवण असते, जन्मापासून नसलेल्यांना नाही, पण कामाचा भरवसा दोघांनीही कोडवरच ठेवावा. 'फिकट पिस्ता' असं वर्णन बिनकामाचं. कंपनी, शेड क्रमांक, फिनिश आणि एलआरव्ही या चार गोष्टी नोंदवा. एलआरव्ही म्हणजे पृष्ठभाग किती उजेड परतवतो ते. काळा ० कडे, पांढरा १०० कडे. बऱ्याच कंपन्या शेडसोबत तो देतात. भिंत आणि दाराच्या चौकटीत किंवा स्विचबोर्डात ३० चा फरक ठेवला तर अंधुक दिसणाऱ्यालाही कडा कळते. डोळ्यांनी निवडतानासुद्धा हा आकडा वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलच्या रंग ओळखणाऱ्या ॲपवर विसंबू नका. पिवळ्या बल्बखाली ते पांढऱ्याला क्रीम म्हणतं. पृष्ठभागाला चिकटवून धरायचं सेन्सरवालं यंत्र बाहेरचा उजेड अडवतं आणि स्वतःच्या दिव्यावर मोजतं, ते चालेल.

लॅमिनेट, कापड आणि लाकडाचे नमुने तळहाताएवढे तरी हवेत. दुकानातल्या चिंधीएवढ्या तुकड्यावर कडाच जास्त लागतात, पोत कळत नाही. मागे ब्रेल पट्टी लावा. मॅट, स्वेड आणि ग्लॉस शेजारी ठेवले की बोट फरक चटकन सांगतं. पण एकाच फिनिशच्या दोन शेड बोटाला सारख्याच, तिथे पट्टी चुकली की चूक थेट साइटवर जाते. चिकटवण्याआधी दुसऱ्या माणसाने मागचा छापील कोड मोठ्याने वाचावा.

ओसरी

खूप उपयोगी. एक राहिलं: रिकामी खोली फार घुमते, ते डिझाइनमध्ये कसं धरायचं? आणि वेळापत्रक?

घुमट

आकडेमोड करूनच दाखवतो. खोलीचं घनफळ ३०.२ घनमीटर, आतला पृष्ठभाग सुमारे ५८.६ चौमी. टाइल, प्लास्टर, काच यांचं सरासरी शोषण ०.०५ धरलं (म्हणजे आवाजाचा वीसावा भाग शोषला जातो) तर एकूण शोषण २.९. घुमण्याचा काळ काढायच्या सॅबिनच्या सूत्राने ०.१६१ × ३०.२ ÷ २.९, म्हणजे तो जवळजवळ १.७ सेकंद. ६ चौमी जाड चुण्यांचा पडदा (०.५) आणि ४ चौमी गालिचा (०.३) आला की एकूण ६.६ च्या आसपास आणि काळ सुमारे ०.७ सेकंद. हा फरक डिझायनरला टाळी वाजवून कळतो आणि तुमच्या माइकलाही तो ऐकू येतो. आधी-नंतरची टाळी एकाच जागेवरून, एकाच माइकवर रेकॉर्ड करा. फक्त गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत नको. चालण्याच्या वाटेवर टाइल उघडी ठेवली की काठीचा आवाज आणि कडेचा बदल, दोन्ही वाट दाखवतात.

सेटवर सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे छातीच्या उंचीवर बाहेर आलेली. काठी जमिनीवर असते, ती वस्तू तिला लागत नाही. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) मानकांत जमिनीपासून २७ ते ८० इंचांमध्ये (सुमारे ६८५ ते २०३० मिमी) भिंतीवरची वस्तू ४ इंचांपेक्षा जास्त बाहेर येऊ देत नाहीत. ओव्हरहेड कपाटाचं उघडं राहिलेलं दार, लाइट स्टँडचा दांडा, सुताराची टेकवून ठेवलेली फळी, हे सगळं यात येतं. ९०० मिमीची वाट सकाळी आखा आणि दिवसभर तिच्यात काही ठेवू नका. केबल भिंतीकडून न्या, टेपने पूर्ण लांबी चिकटवा. काही हलवलं तर आधी सांगायचं, मग हलवायचं.

वेळापत्रकाबाबत हट्ट धरा. अमेरिकेतल्या कायापालटाच्या कार्यक्रमांत, म्हणजे 'ट्रेडिंग स्पेसेस'मध्ये दोन दिवस आणि १००० डॉलर, 'एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन'मध्ये सात दिवसांत अख्खं घर, त्या घाईचा साचा इथे उचलू नका. सिमेंटच्या नव्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं, मग रंगाआधी एकूण चारेक आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर रंगाला फोड येतात आणि पांढरे क्षार बाहेर पडतात. ओलं प्लास्टर तळहाताला गार लागतं, पण निर्णय ओलावा मोजणाऱ्या मीटरवर घ्या. भिंतीची लांबी (पुट्टी) घासून झाल्यावर डिझायनरच्या हातात दोन मीटरची सरळ पट्टी द्या. पट्टीखाली बोट सरकवलं की खड्डा कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं आणि पहिल्या कोटाआधी रंगाऱ्याला तो भरता येतो.

शेवटच्या 'घर बघा' भागासाठी पटकथेत 'हे इथे, ते तिथे' असं एकही वाक्य ठेवू नका. 'खिडकीच्या डाव्या कडेपासून ६०० मिमीवर, कमरेच्या उंचीला' असं बोलायची निवेदकाला सवय लावा. डिझायनर आणि सुतार यांचं काम याच भाषेत चालतं, आणि दृष्टिहीन प्रेक्षकाला वेगळ्या निवेदनाविना खोली समजते. घरमालकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून आणायची प्रथा वगळा. त्याऐवजी त्यांना दारातून पलंगापर्यंत चालू द्या, हाताला मूठ, कडा, पडदा लागू द्या आणि माइक खाली, पावलांजवळ ठेवा.

गुण्या-ओळंबा

घुमट यांच्या म्हणण्यात एक भर. मूठ आणि कडा दाखवणार असाल तर सुताराला आधीच सांगा: ओट्याच्या, फळीच्या पुढच्या कडेला ३ मिमीची गोलाई आणि लिपिंग पट्टीचा (कडेवर चिकटवायच्या पट्टीचा) जोड कोपऱ्यावर नको. पट्टी पहिल्यांदा तिथूनच सुटते.