मदत हवी आहे: ब्रूजमध्ये एक दिवस, सोबत आईचे गुडघे

मंडळी, सप्टेंबरात आम्ही ब्रसेल्सला भावाकडे जातोय. तिथून एक दिवस बेल्जियममधलंच ब्रूज शहर करायचंय, ट्रेनने साधारण तासाभराचं अंतर. सोबत ७२ वर्षांची आई आणि सात वर्षांची लेक. लेकीला तिथला बेलफ्री टॉवर, म्हणजे घंटाघराचा मनोरा, चढायचाच आहे. ३६६ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी तिला घेऊन वर जाईन, पण तोवर आईला मार्क्ट चौकात बसायला बरी जागा मिळेल का? कॉफी न घेता बसलं तर उठवतात का?

खरी अडचण बोटीची आहे. कालव्यातली ती अर्ध्या तासाची उघडी बोट आईला फार आवडेल, पण धक्क्यावरून बोटीत उतरताना पायऱ्या किती, धरायला कठडा असतो का? गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावी असंच 'सोपं आहे' म्हणून नेलं आणि ती बिचारी काठावरच पर्स सांभाळत बसली. पुन्हा तसं नको.

स्टेशनपासून आत बस घ्यावी की मिनेवॉटर तळ्याकडून बेगिनाज (धार्मिक वृत्तीच्या स्त्रियांची जुनी वसाहत) पाहत रमतगमत जावं? दगडी फरशांवर काठी अडकते असं ऐकलंय. आवर लेडी चर्चमधली मायकेलअँजेलोची माय-लेकराची मूर्ती मात्र चुकवणार नाही.

आणि हो, आई पक्की शाकाहारी. तिथले फ्राइज पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात म्हणे. वनस्पती तेलात तळणारं दुकान कुणाला माहीत आहे? नाहीतर दशम्या आहेतच.