अमेरिकेच्या घटनेत सत्ता वेगळ्या केल्यात की एकमेकींत अडकवल्यात?

अभ्यासिका_शेवटची_रांग

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्र ऑप्शनल आहे आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून डोकं पिकलंय. नोट्समध्ये वाक्य आहे: ‘अमेरिकेच्या घटनाकारांनी फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूच्या सिद्धांतानुसार कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांची पूर्ण फारकत केली.’ पान उलटलं की राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचं (म्हणजे तिथल्या संसदेचं) विधेयक परत पाठवतो, न्यायाधीश तो निवडतो पण सिनेटने (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने) हो म्हणावं लागतं, उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा अध्यक्ष असतो आणि महाभियोगाचा खटलाही सिनेटच चालवतं. मग फारकत कुठे झाली? टेस्ट सिरीजमध्ये असं लिहिलं तर शेरा आला, ‘उत्तरात विसंगती’. विसंगती माझी की त्यांची?

झेरॉक्स_गल्ली

भावा, दहा मार्कांचा प्रश्न आहे. सेपरेशन ऑफ पॉवर्स एक हेडिंग, चेक्स अँड बॅलन्सेस दुसरं, मध्ये त्रिकोणाची आकृती आणि बाण. पुढचा टॉपिक घे.

सांगलीच्या_काकू_न्यूजर्सी

आकृतीला गुण मिळतीलही, पण शंका रास्त आहे. घटनेचा मसुदा बाहेर आल्यावर विरोधकांनी हीच काढली होती: तुम्ही तिन्ही सत्तांचा काला केलाय. घटनाकारांपैकी जेम्स मॅडिसनने त्यावर 1788 च्या सुरुवातीला टोपणनावाने लेख लिहिला, फेडरलिस्ट या घटनेची बाजू मांडणाऱ्या लेखमालेतला 47 वा. म्हणणं असं की माँटेस्क्यूला तीन खोल्या कुलूपबंद करायच्या नव्हत्याच. एका खात्याची सगळी सत्ता दुसऱ्याच्या हातात पूर्णपणे गेली तरच स्वातंत्र्य संपतं, थोडा हात घालायला हरकत नाही. तेव्हा तुझ्या नोट्समधला ‘पूर्ण’ हा शब्द काढून टाक.

मी इथे मुलाकडे आल्यावर नागरिकत्वाच्या परीक्षेची पुस्तिका पाठ केली. त्यात प्रश्न होता, सरकारची एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय आहे? सत्ताविभाजन म्हणा किंवा परस्परनियंत्रण, दोन्ही बरोबर. म्हणजे घोळ घालणारे तुझे क्लासवाले एकटे नाहीत.

माझी नोकरी बँकेतली. तिजोरीला किल्ल्या दोन, एक कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. कामं दोघांची वेगळी, पण एकट्याने दार उघडत नाही. फिलाडेल्फियात 1787 च्या उन्हाळ्यात घटना लिहायला भरलेल्या सभेत जे झालं ते मला असंच दिसतं. त्यांनी आधी नुसतं ‘वेगळं’ करून पाहिलं होतं आणि ते फसलं होतं. हा भाग तुमच्या नोट्समध्ये बहुधा नसतोच, म्हणून जरा लांबण लावते.

1776 मध्ये ब्रिटिश राजाची सत्ता झुगारली. राज्यांनी आपापल्या घटना लिहिल्या आणि राजाच्या धास्तीने गव्हर्नरांचे दात काढून घेतले. व्हर्जिनियाच्या घटनेत स्पष्ट लिहिलं होतं की तिन्ही खाती वेगळी राहतील. पण गव्हर्नर दरवर्षी निवडणार कोण? कायदेमंडळ. नकाराधिकार? नाही. पेनसिल्व्हेनियाने तर गव्हर्नरच ठेवला नाही, एकच सभागृह आणि एक कार्यकारी परिषद. कागदावर विभाजन आणि प्रत्यक्षात सगळं विधिमंडळाच्या घशात. जेफरसनने व्हर्जिनियाबद्दल लिहिलं की 173 जुलमी लोक (म्हणजे तिथले आमदार) एका जुलमी माणसाइतकेच जाचक होतील. मॅसॅच्युसेट्स 1780 मध्ये शहाणं झालं: लोकांनी निवडलेला गव्हर्नर, त्याला नकाराधिकार आणि तो मोडायला दोन तृतीयांश मतं. पुढे राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार मिळाला तो नेमका असाच.

आता माझी आवडती गोष्ट. ऱ्होड आयलंडने 1786 मध्ये कर्जदारांसाठी कागदी नोटा छापल्या. नोटेची किंमत घसरत गेली, तरी ती नाकारली तर दंड, तोही ज्यूरीशिवाय. न्यूपोर्टमधल्या जॉन वीडन नावाच्या खाटकाने मटणाचे पैसे या नोटांत घ्यायला नकार दिला. गिऱ्हाईक होतं जॉन ट्रेव्हेट, तो कोर्टात गेला. न्यायाधीशांनी तक्रार काढून टाकली. विधिमंडळाने काय करावं? न्यायाधीशांनाच बोलावून जाब विचारला आणि पुढच्या वर्षी त्यातल्या बहुतेकांची फेरनेमणूक केली नाही! दरवर्षी नेमणूक होत असेल तर न्यायाधीश निर्भय राहील कसा?

आता संघराज्याच्या घटनेतलं तिसरं कलम वाच. वर्तन चांगलं असेतो न्यायाधीश पदावर राहणार आणि पदावर असताना त्याचा पगार कमी करता येणार नाही. पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात राज्यांना नोटा काढायची बंदी आहे आणि कर्जफेडीला सोन्याचांदीशिवाय काही चालणार नाही असं लिहिलंय. ही दोन्ही कलमं त्या एका दुकानामुळे आली असं मी म्हणत नाही, पण सभेतल्या 55 जणांच्या डोळ्यांपुढे असली प्रकरणं होती. ऱ्होड आयलंडने सभेला माणूसच पाठवला नाही, हेही आलंच.

राष्ट्राध्यक्षाचं प्रकरण आणखी गमतीचं. 1 जूनला जेम्स विल्सनने ठराव मांडला की कार्यकारी सत्ता एकाच माणसाकडे असावी. सभागृह चिडीचूप. वॉशिंग्टन त्याच खोलीत बसलेला, आणि ती जागा कोणाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक. 81 वर्षांच्या फ्रँकलिनला सांगावं लागलं की मुद्दा मोठा आहे, बोला. मग व्हर्जिनियाचा प्रतिनिधी रँडॉल्फ म्हणाला, हा तर राजेशाहीचा गर्भ आहे. एकच माणूस ठरला, पण त्याला निवडायचं कोणी यावर उन्हाळा गेला. ऑगस्टच्या मसुद्यातही काँग्रेसने त्याला सात वर्षांसाठी निवडावं, पुन्हा नाही, असंच होतं. तह करणं आणि न्यायाधीश नेमणं एकट्या सिनेटकडे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका समितीने हे फिरवलं: निवड इलेक्टर (राज्यांनी यासाठीच नेमलेले निवडकर्ते) करतील, मुदत चार वर्षं, नेमणुका आणि तह राष्ट्राध्यक्षाचे, संमती सिनेटची. दुसरी किल्ली बसली ती इतक्या उशिरा. 17 सप्टेंबरला तर सह्या झाल्या.

अभ्यासिका_शेवटची_रांग

काकू, जबरदस्त. पण मग नुसतं तीन सत्तांचंच का? राज्यांचं काय? अगदी कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला दोन सिनेटर आणि कॅलिफोर्नियालाही दोनच, हे कुठल्या तत्त्वात बसवायचं?

नागपूरचा_वकील

तत्त्वात बसवू नकोस, तो सौदा आहे. आणि काकूंनी खोलीतला सगळ्यात मोठा सौदा वगळला. गुलामांना मत नाही, हक्क नाही, पण प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं मोजायची. लोक हे चुकीचं वाचतात, दक्षिणेनेच गुलामांना कमी मोजलं असं समजतात. उलट गुलाम राखणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना पाचच्या पाच मोजून हवे होते, म्हणजे मालकांना आणखी जागा. इलेक्टरांची संख्या त्याच जागांवर ठरते, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडीतही तोच हिशेब. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, उगाच नव्हे. शिवाय 1808 पर्यंत गुलामांची आयात बंद करायला काँग्रेसला मनाई. ‘गुलाम’ हा शब्द मात्र अख्ख्या मसुद्यात नाही. लाज वाटत होती, तरी सह्या केल्या.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्यासाठी आधी यादवी युद्ध झालं, मग 1865 ची तेरावी दुरुस्ती. 1787 च्या मंडळींचं ते श्रेय नाही.

सांगलीच्या_काकू_न्यूजर्सी

वकीलसाहेबांशी वाद नाही. मॅडिसननेच 19 जुलैला सभेत सांगितलं होतं की थेट लोकांनी राष्ट्राध्यक्ष निवडला तर दक्षिणेला गुलामांमुळे काही वजन राहणार नाही, इलेक्टर ठेवले तर ही अडचण सुटते. इतकं उघड बोलले, कारण सभा बंद दाराआड होती आणि मॅडिसनची टिपणं छापली गेली 1840 मध्ये, तो गेल्यावर.

सिनेटबद्दल. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी सभेपुढे मांडलेल्या योजनेत दोन्ही सभागृहं लोकसंख्येवर किंवा कर-वर्गणीवर होती. डेलावेअर, न्यू जर्सी वगैरे छोट्या राज्यांनी नकार दिला. 16 जुलैला तोडगा मंजूर झाला, एक सभागृह लोकसंख्येवर, दुसऱ्यात सगळ्यांना सारखं मत. बाजूने पाच राज्यं, विरुद्ध चार, मॅसॅच्युसेट्सची मतं अर्धी-अर्धी फुटली. मॅडिसन या प्रश्नावर हरला, आणि त्यालाच आपण घटनेचा जनक म्हणतो. आपल्याकडे राज्यसभेत असं सारखं वाटप केलेलं नाही, उत्तर प्रदेश आणि गोव्याच्या जागा बघ. तुलनेला हे वापर.

आणि छोट्या राज्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. 15 सप्टेंबरला, सह्यांच्या दोन दिवस आधी, त्यांची कुजबुज ऐकून गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) दुरुस्तीच्या कलमात एक ओळ घालायला लावली: कुठल्याही राज्याचं सिनेटमधलं सारखं मत त्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. विरोध झालाच नाही. त्यामुळे वायोमिंगचे दोन सिनेटर कमी करायचे तर आधी वायोमिंगलाच विचारावं लागेल.

झेरॉक्स_गल्ली

काकू, पाचवं कलम का? प्रिंट काढतोय.

सांगलीच्या_काकू_न्यूजर्सी

हो, पाचवं. आणि मॉरिसचं नाव नीट लिहा, परीक्षक त्याला राज्यपाल करून टाकतील.